हार घालण्याआधी

कंपनीची माणसं दिराला भेटायला आली तेव्हा त्यांनी आणलेली सफरचंदं फार चांगली होती. प्रत्येक फळ पांढऱ्या जाळीत बसवलेलं, एकावरही डाग नाही. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून फळं घेतो आणि त्यातली एक-दोन हटकून मऊ निघतात. ही सफरचंदं मुद्दाम कुठूनतरी निवडून आणलेली होती. मी ती ओट्यावर ठेवली आणि मनात म्हटलं, यांना आपल्याकडून काहीतरी हवंय.

माझा स्वभावच तसा आहे. मी तळवड्यातल्या एका लहान कारखान्यात स्टोअर सांभाळते. आलेला माल, गेलेला माल आणि शिल्लक माल यांचा मेळ बसला नाही तर मला घास गोड लागत नाही. स्टोअरमध्ये गडबड होते तेव्हा बहुतेक वेळा आकडे बरोबरच असतात. चुकलेला असतो तो क्रम. गाडी गेटातून आत यायच्या आधीच माल उतरवून घेतल्याची सही झालेली असते. त्यामुळे कुणी मला काही फार समजावून सांगायला लागलं, की मी आधी काय झालं आणि नंतर काय झालं एवढंच विचारते. घरातल्यांना या सवयीचा वैताग येतो. पोरं मला सीआयडी म्हणतात.

दीर चाकणला एका कंपनीत प्रेसवर होता. गाड्यांच्या सीटखाली बसणारे पत्र्याचे भाग तिथे बनतात आणि एका मोठ्या गाड्यांच्या कंपनीला जातात. पत्र्याची पट्टी एका बाजूने आपोआप आत सरकते, वरचा भाग दणकन खाली येतो, तुकडा कापला जाऊन पलीकडे पडतो. मधेच कधी कात्रण अडकतं. ते ओढायला हुक दिलेला असतो, पण घाईत माणूस हातच घालतो. हात गेला तरी काही होऊ नये म्हणून मशीनच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन खांब असतात आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. त्या पडद्यात बोट येवो नाहीतर कागद, मशीन जागच्या जागी थांबलं पाहिजे. कामगार याला नुसतं सेन्सर म्हणतात. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात दिराने कात्रण काढायला हात घातला आणि मशीन थांबलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आम्ही सगळे मूळचे मराठवाड्यातले. आधी माझे यजमान इकडे आले, मागून दीर. एकाच इमारतीत आम्ही खाली आणि दीर-जाऊ वर राहतात. सासूबाई दोन्ही घरांत मिळून असतात. कंपनीची माणसं आली तेव्हा आम्ही सगळेच वरच्या खोलीत जमलो होतो.

दोघे आले होते. एक एचआरचे साहेब, वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला अतिशय गोड. दुसरा दिराचा सुपरवायझर, राजगुरुनगरच्या बाजूचा, तिथल्या जुन्या शेतकरी घरातला. साहेब बोलत होते आणि सुपरवायझर फरशीकडे बघत होता.

"तसा हा आमच्या रोलवर नाही," साहेब म्हणाले, "कंत्राटदाराचा माणूस आहे. पण आम्ही असा भेद करत नाही. दवाखान्याचं सगळं कंपनीने बघितलं ना? आमच्यासाठी हा घरचाच मुलगा."

"घरच्या मुलाला रोलवर का नाही घेतलं मग?" मी विचारलं.

साहेब हसले. यजमानांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. "साहेब, हात दिसला की थांबतंय म्हणून सांगत होता हा. मग त्या दिवशी का नाही थांबलं?"

"आजी, सेन्सर बायपास होता."

सासूबाई दचकल्या. गावाकडे माझ्या चुलत सासऱ्यांचं बायपास होऊन फार दिवस झाले नव्हते. "अगं बाई, कुणाचं बायपास?"

सुपरवायझरने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "माणसाचं न्हाई आजी, मशीनचं. म्हंजी सेन्सर झोपवला व्हता."

"कुणी झोपवला?" मी म्हटलं.

सुपरवायझर पुन्हा फरशीकडे बघायला लागला. साहेब खुर्चीत पुढे सरकले. "आता कसं सांगायचं, ताई. दसऱ्याला तुम्ही सगळे आला होतात. आजींनी मशीनला मोठा हार घातला, दोन्ही खांबांना बांधून. आठवतंय ना? त्या हारामुळे सेन्सरची लाइन तुटायला लागली आणि मशीन सारखं थांबायला लागलं. हार काढायला कुणी तयार होईना. पूजेचा हार, हात कोण लावणार? मग सेन्सर बंद करावा लागला. आणि तो तसाच राहिला. सगळं श्रद्धेपोटी झालं हो. आम्ही कुणालाही दोष देत नाही."

कुणाला दोष देत नाही म्हणता म्हणता त्यांनी तो नेमका सासूबाईंच्या ओटीत घातला होता. त्या नुसत्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या हारानं?"

"तसं नाही हो आजी," साहेब घाईघाईने म्हणाले. पण कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. चहा अर्धा ठेवून दोघे उठले.

ते गेल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. साहेब म्हणाले होते, "बंद करावा लागला." मराठीत ही मोठी सोय आहे. करावा लागला म्हटलं की करणारा सांगावा लागत नाही. आमच्या स्टोअरमध्येही माल गायब झाला की "माल द्यावा लागला" असंच ऐकायला मिळतं. मी त्यावर नेहमी विचारते, कुणी दिला? इथेही तेच विचारायचं होतं. पण दिराच्या हाताला जाडजूड पट्टी होती आणि जाऊ सारखी रडत होती, म्हणून मी गप्प बसले.

गोष्ट पटण्यासारखी होती, हेच मला खुपत होतं. दसऱ्याला मशीनला घातलेला हार पुरता वाळेपर्यंत कुणी काढत नाही, हे खरंच आहे. आमच्या कारखान्यातही लेथच्या मुठीला वाळलेला झेंडू बरेच दिवस लटकत असतो. हारापायी सेन्सर झोपवला, हे ऐकून चाकणमधला कुणीही माणूस मान डोलावेल. चूक आमच्यासारख्या माणसांनीच करावी अशी होती. एवढी बेतलेली चूक समोर आली की मला उलट जास्त संशय येतो.

सासूबाईंनी तो हार स्वतः ओवला होता. त्यांचा हात त्यात इतका बसलेला, की इमारतीतल्या चार-पाच घरांचे सणाचे हार त्याच करून द्यायच्या. त्या भेटीनंतर त्यांनी सुई हातात घेतली नाही. दिवाळीला शेजारीण झेंडूची पिशवी घेऊन आली तेव्हा म्हणाल्या, "विकतचा आणा बाई. माझ्या हाताला गुण नाही राहिला." देवाला फूल वाहायचं असलं तरी मला हाक मारायच्या. वर जाऊन दिराजवळ बसायच्या आणि त्याच्या उजव्या हाताकडे न बघता भिंतीकडे बघून बोलायच्या.

एकदा जाऊ खाली आलेली असताना मी दिराला विचारलं, "भावजी, सेन्सर बंद करायची चावी कुणाकडे असते?"

"चावी लावायची जागा पॅनेलला असते, पण चावी ऑपरेटरकडं देत नाहीत. सुपरवायझरकडं."

"मग बंद कुणी केला?"

"मला माहीत नाही, वहिनी."

मी त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. खोटं का सांगू, मला त्याचाही संशय आला होता. माणूस नोकरीला घाबरून स्वतःच्या घरच्यांपासूनही काही लपवतो.

"मी नाही केला," तो म्हणाला. "देवाशपथ. पण हार तर आपलाच होता ना? आपण तो बांधला नसता, तर प्रश्नच नव्हता." एचआरच्या साहेबांनी जे सांगितलं ते त्याने जसंच्या तसं गिळलं होतं.

दिवाळी झाल्यावर साहेबांचा मला फोन आला. दिराला नाही, यांनाही नाही, मला. ज्या मोठ्या कंपनीला माल जातो तिची माणसं पाहणीला येणार होती आणि त्याच दिवशी सुरक्षेचा कार्यक्रम ठेवला होता. दिराने दोन शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा होती.

"काय बोलायचं?"

"मनातलं, ताई. माझ्याकडून चूक झाली, श्रद्धेच्या भरात सुरक्षेकडे दुर्लक्ष झालं, तुम्ही असं करू नका. बस. कामगाराने कामगाराला सांगितलं की जास्त भिडतं. आम्ही त्याचा व्हिडिओ करू, नव्या मुलांना दाखवायला. आणि त्याला गेटवर हलकं काम द्यायचं आमच्या डोक्यात आहेच." मग जरा थांबून म्हणाले, "आईंनाही आणा. त्यांना बरं वाटेल."

मी म्हटलं, विचारून सांगते.

"हो हो, सावकाश. आणि ताई, एक छोटं काम. दसऱ्याला तुमच्यापैकी कुणी फोटो, व्हिडिओ काढले होते का? अल्बमसाठी हवे होते. काढले असतील तर मला पाठवा आणि तुमच्याकडचे प्लीज काढून टाका. आत मशीन शॉपमध्ये शूटिंगला बंदी असते ना, उगाच तुम्हाला त्रास नको."

फोन ठेवला आणि मी तशीच उभी राहिले. ज्यांच्याकडे गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेला फोटोग्राफर दसऱ्याला सगळीकडे फिरत होता, त्यांना माझ्या फोनमधले फोटो कशाला हवेत? आणि हवेत तर हवेत, पण काढून कशाला टाकायचे?

दसऱ्याला मी गावाकडच्या नणंदेला दाखवायला व्हिडिओ काढला होता. तो पाठवलाही नव्हता, विसरूनच गेले होते. त्या संध्याकाळी मी तो शोधून काढला.

दसऱ्याच्या दिवशी कंपनीने सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. पेढे, रांगोळ्या, नवे कपडे. बाकीची मशीनं बंद होती. दिराचं एक प्रेस मात्र चालू ठेवलं होतं, तुमचा मुलगा काय बनवतो ते घरच्यांनी बघावं म्हणून. व्हिडिओत आधी माझाच आवाज येतो, "भावजी, इकडे बघा की." दीर नव्या शर्टात मशीनजवळ उभा आहे, लाजून हसतोय. मशीन ठकठक चाललं आहे, पट्टी सरकते आहे, तुकडे पडताहेत. तेवढ्यात बाजूने सासूबाई हार घेऊन येतात. त्यांना कुणी पुढे व्हा म्हटलेलं नाही, कुणी थांबाही म्हणत नाही. त्या हाराचं एक टोक डावीकडच्या खांबाला बांधतात, हार हातात धरून मशीनच्या तोंडासमोरून पलीकडे जातात आणि दुसरं टोक उजव्या खांबाला बांधतात. हार मधोमध खाली झुकतो. मागून सुपरवायझरचा आवाज येतो, "आजी, दमानं! पदर सांभाळा!" आणि तो मोठ्याने हसतो. मशीन चाललेलं आहे, ठकठक, ठकठक. मग आरतीसाठी कुणीतरी बंद करा म्हणतं, दीर लाल बटण दाबतो, तेव्हा ते थांबतं.

मी तो पुन्हा पाहिला. मग आवाज बंद करून पाहिला. मला सासूबाईंचा हात दिसला, बांगड्यांसकट, त्या दोन खांबांच्या मध्ये. आणि मशीनचा वरचा भाग खाली येताना दिसला. फोन बाजूला ठेवून मी पाणी प्याले.

मग माझ्या पद्धतीने मेळ लावायला बसले. साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे हारामुळे लाइन तुटत होती. तसं असेल तर हार बांधला त्या क्षणी मशीन थांबायला हवं होतं. ते एकदाही थांबलं नाही. समजा हार त्या पडद्यात येतच नव्हता. मग सेन्सर बंद करायचं काही कारणच नव्हतं. दोन्हीकडून हिशोब चुकत होता. तो एकाच रीतीने जुळत होता. हार यायच्या आधीपासूनच सेन्सर बंद होता. सासूबाई हार घेऊन गेल्या तेव्हा तो आधीच झोपवलेला होता. किती दिवसांपासून, ते त्यांनाच माहीत. मशीन सारखं थांबलं की माल कमी निघतो, यापलीकडे मला त्याचं कारण दिसत नव्हतं.

कुणाला सांगायच्या आधी मी तो व्हिडिओ माझ्या बहिणीला पाठवला आणि लिहिलं, बघू नकोस, फक्त जपून ठेव. तिने विचारलं, काय आहे? मी लिहिलं, हार.

दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत सगळ्यांना दाखवला. आधी कुणाच्या काही लक्षात येईना. हे म्हणाले, "छान आलाय की." मग मी समजावून सांगितलं. दीर फोनवर वाकून बघत राहिला, शेवटी मशीन थांबेपर्यंत.

जाऊबाईंना आधी समजलं आणि आधी भीती वाटली. "ताई, काढून टाका हो ते. गेटवरचं काम देतो म्हणालेत ना? एका हाताच्या माणसाला बाहेर कोण उभं करतंय?"

"एका हाताचा काय गं," दीर म्हणाला. "आठ बोटं आहेत अजून."

"मोठ्या लोकांच्या नादी लागण्यात अर्थ नाही," यजमान म्हणाले. हे वाक्य ते सोसायटीच्या पाण्याच्या टँकरपासून सगळ्यालाच लावतात.

सासूबाई म्हणाल्या, "मला परत दाव."

मी दाखवला. त्यांनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. "म्हंजे मी बांधायच्या आधीच झोपलेलं होतं ते?"

"हो आई."

"हारानं नाही?"

"हारानं काहीच झालं नाही."

 मला वाटलं, आता त्या रडतील. पण त्यांनी फोन खाली ठेवला आणि दिराच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. "आन् मला त्याच्या तोंडापुढून जाऊ दिलंस व्हय रे, मुडद्या! माझा हात गेला असता म्हंजे?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं, आई!" दीर कळवळून म्हणाला. "सेन्सर चालू असल्याचा दिवा कवाच गेलाय. पहिल्या दिवशी शिकवतात, शिफ्टच्या सुरुवातीला काठी आत घालून बघायची, मशीन थांबतंय का. शिकवतात आणि सोडून देतात. काठी कुठंय म्हणून विचारलं तर म्हणतात, भावा, आधी माल काढ."

किती दिवसांनी त्या घरात माणसं एकमेकांवर ओरडत होती. मला बरं वाटलं.

पण पुढे काय करायचं हे ठरेना. मला वाटत होतं, व्हिडिओ सरकारी कारखाना निरीक्षकाकडे द्यावा. जाऊबाईंना वाटत होतं, देवाचं नाव घेऊन दोन शब्द बोलून टाकावेत आणि गेटवर बसावं. बोलायचं होतं ते दिराला. हारामुळे झालं असं त्याने माईकवर एकदा म्हटलं की त्याचा व्हिडिओ राहणार होता. पुढची कित्येक वर्षं नवी मुलं तो बघणार होती आणि त्याची आई त्यातली वेडी म्हातारी होणार होती. नाही म्हटलं तर काम जाणार होतं. दीर म्हणाला, "जाऊ आपण सगळे. मी बघतो काय बोलायचं ते." काय ते त्याने मलाही सांगितलं नाही. मी दोन-तीनदा आडून विचारलं. मला धास्ती होती की तो मनातून गेटवर बसायला तयार झालाय.

कार्यक्रम कंपनीच्या अंगणात होता. मांडव, खुर्च्या, सुरक्षेच्या घोषणा लिहिलेले फलक, नवी हेल्मेटं. काही हेल्मेटांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. साहेबांनी आम्हाला दुसऱ्या रांगेत बसवलं आणि मला हळूच विचारलं, "ते फोटो राहिले तुमचे." मी म्हटलं, "शोधतेय." पहिल्या रांगेत मोठ्या कंपनीचे दोन पाहुणे होते. सुरुवातीला सगळ्यांनी उजवा हात पुढे करून सुरक्षेची शपथ घेतली. दिरानेही उजवाच हात पुढे केला. पाहुण्यांपैकी एकाने ते पाहिलं आणि नजर समोर वळवली.

मग साहेबांनी दिराला बोलावलं. आमचा एक धाडसी सहकारी, असं काहीसं म्हणाले. दिराला माईकची सवय नाही. तो दोनदा खाकरला.

"मी मशीन चालू असताना हात घातला," तो म्हणाला. "तसा घालू नये. हुक वापरावा. ही माझी चूक आहे."

साहेबांनी मान हलवली. कॅमेरा चालू होता. जाऊबाई खुर्चीत मागे टेकल्या आणि मला वाटलं, बसला हा गेटवर.

"पण शिफ्ट सुरू करताना आधी काठी घालून बघा. मशीन थांबलं तर काम करा. नाही थांबलं तर करू नका. कुणी काही म्हणू द्या. आम्हाला हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी कधी बघितलं नाही, कुणीच बघत नाही."

मांडवात चुळबुळ झाली. साहेब हसत पुढे झाले. "फार छान. आणि तो दसऱ्याचा प्रसंग, हाराचा? तोही सांगा ना."

दिराने आमच्याकडे बघितलं. "हार माझ्या आईनं घातला," तो म्हणाला. "तेव्हा मशीन चालू होतं. हार घालताना चालू होतं, घातल्यावरही चालूच राहिलं. थांबलं नाही. म्हणजे सेन्सर त्याच्या आधीच बंद होता. हाराचा यात काही संबंध नाही. माझ्या वहिनींनी बघितलंय."

टाळ्या नाहीत, काही नाही. मागे कुठेतरी कुणीतरी "बरोब्बर" म्हणालं आणि लगेच गप्प झालं. पहिल्या रांगेतला पाहुणा बसल्या जागेवरून म्हणाला, "एक मिनिट. त्याची चावी कुणाकडे असते?"

साहेबांनी सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझर मांडवाच्या खांबाजवळ उभा होता. तो खाली बघू लागला.

"माझ्याकडे कधीच नव्हती, साहेब," दीर माईकवर म्हणाला आणि खाली उतरून आमच्याजवळ येऊन बसला. सासूबाईंनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही. पट्टी निघाल्यापासून त्यांनी त्या हाताला पहिल्यांदाच हात लावला होता.

साहेबांनी चहा जाहीर केला.

त्या पाहुण्याच्या प्रश्नाने मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. हेच लोक पत्र्यावर एक ओरखडा दिसला तरी अख्खा लॉट परत पाठवतात, आणि माल थोडा उशिरा गेला तर फोनवर फोन करतात. रोज त्यांची गाडी गेटवर उभी असते. ज्या घाईत सेन्सर झोपतो ती घाई कुठून येते, हे त्यांना माहीत नसेल? चावीची चौकशी त्याने कामगारासाठी केली की उद्या आपल्या कंपनीचं नाव निघू नये म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. काय, ते मान उंच करूनही मला दिसलं नाही.

नंतर बरेच दिवस कंपनीकडून काही आलं नाही. जाऊबाई माझ्याशी तुटक बोलत होत्या, आणि त्यांचं चुकत होतं असं नाही. मी व्हिडिओ निरीक्षकाच्या कार्यालयात देऊन आले. त्यांनी ठेवून घेतला, पोच दिली, बघतो म्हणाले. मग एक दिवस कंत्राटदाराचा फोन आला, दिराने कामावर यावं. गेटवर नाही, शॉपमध्येच.

मी म्हटलं, "एवढे चांगले कसे झाले?"

दोन दिवसांनी त्यामागचं कळलं. सुपरवायझरला काढलं होतं. चावी त्याच्याकडे होती, सेन्सर त्याने झोपवला, कंपनीला माहीतच नव्हतं, असं आता सगळीकडे सांगितलं जात होतं. पूर्वी हार होता, आता हा माणूस होता. तो मला कधीच आवडला नव्हता, पण माल कमी का निघाला म्हणून रोज त्याला वरून कोण विचारत होतं, हे कुणी विचारलं नाही. दोष आमच्या घरातून निघून राजगुरुनगरला त्याच्या घरी जाऊन बसला. जिथे जायला हवा होता तिथे, वर, तो काही चढला नाही.

दिराला आता काठीचं काम दिलं आहे. शिफ्टच्या सुरुवातीला तो प्रत्येक प्रेसजवळ जाऊन काठी आत घालतो आणि मशीन थांबतंय का बघतो. काठीला पिवळा रंग आहे. तिच्यासकट त्याचा फोटो कंपनीच्या फलकावर लागलाय. फोटोतही उजवा हात नीट दिसेल असाच उभा केला आहे त्याला.

परवा तो जेवायला खाली आला होता. सासूबाई त्याच्या ताटात वाढत होत्या. मी विचारलं, "भावजी, काठी घातली आणि मशीन नाही थांबलं, तर ते बंद करायचा अधिकार तुम्हाला आहे का?"

"नाही. नव्या सुपरवायझरला सांगायचं."

"आणि तो चालू दे म्हणाला तर?"

दीर भाकरी मोडत होता. "म्हणाला की. गेल्याच आठवड्यात. गाडी गेटवर उभी आहे, एवढा लॉट जाऊ दे, मग बघू म्हणाला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी काठी आत धरून तिथंच उभा राहिलो. म्हटलं, चालवा. ऑपरेटरनं बटणावरचा हात काढून घेतला आणि तोही माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मग पलीकडच्या मशीनचा आला."

"मग?"

"मग काय वहिनी, गाडी उभी राहिली."